सर फिरोजशहा मेहता

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर महानगरपालिकेची जुनी दगडी इमारत आहे. तिच्या दारापुढे चौकात एक पुतळा उभा आहे. चारी बाजूंनी मोटारी आणि बस धावत असतात, त्यामुळे पायी चालणाऱ्यांचे त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. हा पुतळा एखाद्या राजाचा किंवा सेनापतीचा नाही. तो एका वकिलाचा आहे. त्या वकिलाचे नाव सर फिरोजशहा मेहता. लोक त्यांना मुंबईचा सिंह म्हणत, तर कोणी मुंबईचा मुकुट नसलेला राजा म्हणत.

फिरोजशहांचा जन्म मुंबईत ४ ऑगस्ट १८४५ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेरवानजी व्यापारी होते. कामानिमित्त त्यांना कलकत्त्याला बराच काळ राहावे लागे. त्यांचे स्वतःचे शिक्षण फारसे झाले नव्हते, पण विद्येची आवड मोठी होती. त्यांनी भूगोलाचे एक पुस्तक गुजरातीत लिहिले आणि रसायनशास्त्राच्या एका पुस्तकाचे गुजरातीत भाषांतर केले. अशा घरात मुलाच्या शिक्षणाची हेळसांड होणे शक्यच नव्हते.

एल्फिन्स्टन कॉलेजातून फिरोजशहा १८६४ साली बी. ए. झाले आणि लवकरच एम. ए. झाले. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यांच्यावर फार लोभ होता. त्या वेळी रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय या धनिक गृहस्थांनी दीड लाख रुपये बाजूला काढले होते. पाच हिंदी तरुणांनी विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. ग्रँटसाहेबांनी फिरोजशहांचे नाव सुचवले. १८६४ च्या अखेरीस हा तरुण बोटीत बसला आणि लंडनला गेला.

आता इथे थोडे अमेरिकेकडे पाहावे लागेल. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. त्या देशाचा अध्यक्ष अब्राहम लिंकन हाही वकीलच होता. जंगल तोडून नवी वस्ती झालेल्या सरहद्दीच्या मुलखात तो वाढला होता आणि इलिनॉयमधली लहान लहान कोर्टे हिंडून त्याने वकिली केली होती. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला. मग इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस घेतला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आकाशाला भिडले. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले, त्याच महिन्यात लिंकनचा खून झाला. इकडे कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतले मोठमोठे व्यापारी एका वर्षात धुळीला मिळाले. रुस्तमजी त्यांतलेच एक. त्यांची मदत आटली. फिरोजशहांचा पुढचा खर्च घरच्यांनी उचलला आणि त्यांचे शिक्षण थांबले नाही.

लंडनमध्ये ते चार वर्षे राहिले. कायद्याच्या अभ्यासाइतकेच तिथल्या माणसांनी त्यांना घडवले. दादाभाई नौरोजी तेव्हा लंडनला होते. त्यांच्याभोवती हिंदी विद्यार्थी जमत. बंगालचे व्योमेशचंद्र बॅनर्जी आणि मुंबईचे बदरुद्दीन तय्यबजी यांच्याशी फिरोजशहांची ओळख त्याच काळातली. दादाभाईंनी १८६६ साली ईस्ट इंडिया असोसिएशन ही संस्था काढली. तिच्यापुढे फिरोजशहांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांच्या आसपास होते.

१८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परत आले. तय्यबजी एक वर्ष आधीच आले होते. मुंबईत वकिली सुरू करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्या काळी हायकोर्टात मोठी कामे इंग्रज बॅरिस्टरांकडे जात. आपलेच व्यापारी आपल्या माणसाला काम द्यायला कचरत. वकील, दावा, फिर्याद, जामीन, महसूल हे मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत, कारण ते तुमच्या उर्दूतही आहेत. पण हायकोर्टात हे शब्द ऐकू येत नसत. तिथे सगळा कारभार इंग्रजीत चाले. फिरोजशहांनी मुंबईबाहेरच्या कोर्टांतही कामे घेतली. गुजरात आणि काठेवाड इथे त्यांचे जाणेयेणे सुरू झाले. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यात त्यांचा हातखंडा होता. हळूहळू त्यांचे नाव झाले आणि पैसाही भरपूर मिळू लागला.

परंतु नुसती वकिली करून स्वस्थ बसणारा हा माणूस नव्हता.

मुंबई शहराचा कारभार तेव्हा जस्टिस ऑफ द पीस या नावाच्या लोकांकडे असे. त्यांना सरकार नेमी. ते शेकड्यांनी होते, पण लोकांनी निवडलेला त्यांत एकही नव्हता. प्रत्यक्ष काम म्युनिसिपल कमिशनर पाही. १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड हे कमिशनर होते. त्यांनी रस्ते केले, गटारे साफ केली, मोठी मंडई बांधली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केट ती हीच. पण क्रॉफर्डसाहेबांचा हात फार सैल होता. तिजोरीत पैसा नसताना ते खर्च करीत गेले. कर वाढले, कर्ज वाढले आणि १८७१ साली शहर खवळले. क्रॉफर्डना घालवा, असा एकच गलका झाला.

नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहांनी एक निबंध वाचला. सभागृहात कर भरणारे संतापलेले लोक जमले होते. फिरोजशहांचे वय सव्वीस वर्षांचे. टाळ्या मिळवायच्या असत्या तर क्रॉफर्डना चार शिव्या दिल्या असत्या तरी पुरे होते. त्यांनी नेमके उलटे केले. त्यांनी सांगितले की, क्रॉफर्डनी शहर स्वच्छ केले हे विसरू नका. दोष एकट्या माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. ज्यांना लोकांनी निवडलेच नाही ते लोकांच्या पैशावर लक्ष कशाला ठेवतील? तेव्हा कर भरणाऱ्यांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडावेत, कमिशनरच्या हातात काम करण्याची ताकद राहू द्यावी, पण हिशेब मात्र निवडलेल्या मंडळाने तपासावा.

सभेला हे रुचले नाही. लोकांनी आरडाओरडा केला. पण पुढच्याच वर्षी, १८७२ साली, नवा कायदा झाला आणि त्यात निवडणुकीचे तत्त्व आले. महापालिकेत ६४ सभासद ठरले. त्यांतले ३२ कर भरणाऱ्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. ठरावीक कर भरणाऱ्यालाच मत असल्यामुळे गिरणीत राबणाऱ्या मजुराला त्यात वाटा नव्हता, हे खरे. तरीही ज्या देशात गव्हर्नरपासून कलेक्टरापर्यंत कोणालाच लोक निवडत नव्हते, तिथे हे पहिले दार उघडले. फिरोजशहा पालिकेत गेले आणि मरेपर्यंत त्यांनी तिची साथ सोडली नाही. चार वेळा ते तिचे अध्यक्ष झाले.

१८८७ साली सरकारने महापालिकेसाठी नवा कायदा आणायचे ठरवले. पहिल्या मसुद्यात कमिशनरला इतके अधिकार दिले होते की, निवडलेले सभासद नावापुरतेच उरले असते. फिरोजशहा त्या वेळी मुंबईच्या कायदेमंडळात होते आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते. दोघांनी मसुद्याचे एकेक कलम घेऊन झुंज दिली. हे काम भाषणासारखे दिसणारे नसते. कागद वाचायचे, शब्द बदलायचे, पुन्हा वाचायचे. शेवटी १८८८ चा कायदा झाला तेव्हा शहराचा कारभार महापालिकेचा, कमिशनर तो अमलात आणणारा, असे ठरले. सभासद ७२ झाले. प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे पालिकेचे कर्तव्य आहे, असेही त्या कायद्यात आले.

त्या वेळी कांदिवली मुंबईत नव्हती. मुंबईची हद्द माहीम आणि शीवपाशी संपत असे. इकडे गावे, भातशेती आणि टेकड्या होत्या. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसरपर्यंत आली आणि कांदिवली तिच्यात सामील झाली. तेव्हापासून इथले रस्ते, नळाचे पाणी, दवाखाने, तसेच पालिकेच्या मराठी, गुजराती, उर्दू शाळा हे सारे त्याच १८८८ च्या कायद्याखाली आले. त्या कायद्यात पुढे पुष्कळ बदल झाले, पण साल तेच राहिले.

फिरोजशहा, तय्यबजी आणि तेलंग या तिघांची जोडी मुंबईत गाजलेली होती. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू. तिघेही हायकोर्टातले वकील. १८८३ साली इल्बर्ट विधेयकावरून मोठा वाद पेटला. हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवू द्यावेत, असे त्या विधेयकात होते. गोऱ्या लोकांनी त्याविरुद्ध काहूर माजवले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरली आणि हे तिघेही तिथे बोलले. तिघांच्याही बोलण्यात संताप कमी आणि मुद्दे जास्त होते. ३१ जानेवारी १८८५ रोजी तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ७२ प्रतिनिधी आले होते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष तय्यबजी झाले, १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे फिरोजशहा. तय्यबजींनी उभी केलेली अंजुमन-ए-इस्लाम तुम्हांला माहीत असेलच. तिची इमारत फिरोजशहांच्या पुतळ्यापासून चार पावलांवर आहे. दोन मित्रांची कामे अशी समोरासमोर उभी राहिली आहेत.

पुढे तेलंग आणि तय्यबजी हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. फिरोजशहा मात्र वकीलच राहिले. न्यायाधीश झाले की राजकारण सोडावे लागते, आणि राजकारण सोडणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

१८९३ साली ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तोवर तिथे अदबीने बोलायचे आणि सरकारने आणलेले विधेयक मान्य करायचे, अशी रीत होती. १८९५ साली पोलिसांविषयीचे एक विधेयक आले. फिरोजशहांनी त्यावर सरळ टीका केली. अधिकाऱ्यांनी न्यायालयीन चौकशीशिवाय लोकांना दंड करायचा, हा कोणता न्याय, असा त्यांचा रोख होता. सरकारी सभासद चकित झाले. अर्थखात्याच्या जेम्स वेस्टलंड यांनी तर मंडळात हे नवीनच वारे शिरले, अशी तक्रार केली. ही तक्रार देशभर पसरली आणि लोकांना तिचे कौतुकच वाटले.

मला त्यांच्या आयुष्यातला १९०१ चा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला होता. शेतकऱ्यांचा सारा थकला होता. सरकारने मुंबईच्या कायदेमंडळात जमीन महसुलाचे विधेयक आणले. सारा थकला म्हणून जमीन सरकारजमा करायची आणि मग ती त्याच शेतकऱ्याला कसायला द्यायची, पण विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ होता. सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी हे आहे, असे सरकार सांगे. फिरोजशहांचे म्हणणे असे की, यामुळे मालक असलेला शेतकरी सरकारचा कूळ होऊन बसेल. घाई करू नका, लोकांचे मत घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारी मतांच्या जोरावर ती फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा उठले आणि सभागृहातून बाहेर पडले. त्यांच्यामागोमाग गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही हिंदी सभासद बाहेर गेले. सभात्याग ही गोष्ट आज रोज वर्तमानपत्रात येते. त्या काळी गव्हर्नरच्या समोरून असे उठून जाणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. विधेयक मंजूर झाले, पण ते कोणाच्या संमतीने झाले हे जगाला दिसले.

गांधीजींच्या आत्मकथेत फिरोजशहा पुनःपुन्हा भेटतात. तरुण गांधी राजकोटला वकिली करीत असताना एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांना शिपायाकरवी खोलीबाहेर काढले. फिरोजशहा त्याच सुमारास एका खटल्यासाठी राजकोटला आले होते. गांधींनी एका वकिलामार्फत त्यांचा सल्ला विचारला. सल्ला आला तो असा की, फिर्याद वगैरे करू नये, अपमान गिळून टाकावा, असे अनुभव पुष्कळ वकिलांना येतात. गांधींना तो विषासारखा कडू लागला, तरी त्यांनी तो मानला. पुढे १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची हकिकत सांगायला गांधीजी मुंबईला आले, तेव्हा फिरोजशहांनीच त्यांच्यासाठी सभा बोलावली. भाषण आधी लिहून काढा, असे त्यांनी बजावले होते. गर्दी फार झाली. गांधीजींचा आवाज मागे पोहोचेना. शेवटी ते भाषण दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखवले. लिहून काढण्याचा आग्रह किती उपयोगी होता ते त्या दिवशी कळले.

त्यांचा स्वभाव हुकमी होता. आपले म्हणणे खरे करण्याची त्यांना सवय होती आणि विरोध त्यांना फारसा सहन होत नसे. काँग्रेसमध्ये ते मवाळ पक्षाचे पुढारी होते. अर्ज, सभा, कायदेमंडळ या मार्गांवर त्यांचा विश्वास होता. लोकमान्य टिळकांना हा मार्ग अपुरा वाटे. १९०७ साली अधिवेशन नागपूरला भरायचे होते, ते सुरतेला नेण्यात आले. त्यात फिरोजशहांचा हात होता. सुरतेला भर मंडपात गोंधळ झाला, जोडा फेकला गेला आणि काँग्रेस दुभंगली. या फुटीचा दोष टिळकांचे अनुयायी फिरोजशहांना देत राहिले आणि तो पूर्ण नाकारता येत नाही. १९०९ च्या लाहोर अधिवेशनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली होती. अधिवेशनाला अवघे काही दिवस उरले असताना त्यांनी ते पद सोडले. त्यांच्या मित्रांनाही याचा उलगडा नीट झाला नाही.

सुरतेच्याच वर्षी मुंबईत त्यांच्यावर आणखी एक संकट आले. जस्टिसांनी महापालिकेवर १६ सभासद निवडायचे होते. काही इंग्रज अधिकाऱ्यांनी गट केला. हॅरिसन नावाचे महालेखापाल त्यात पुढे होते. टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी पत्राचे संपादक लोव्हट फ्रेझर यांचाही त्याला पाठिंबा होता. सोळा नावांची यादी तयार झाली आणि फिरोजशहांना पाडण्यासाठी मते गोळा केली गेली. निकाल लागला तेव्हा फिरोजशहा सतराव्या क्रमांकावर होते. पस्तीस वर्षे ज्याने पालिका घडवली तो एका जागेने बाहेर राहिला. शहरात हळहळ झाली आणि संतापही झाला. पण निवडून आलेल्या एकाची निवड कायद्याच्या मुद्द्यावर टिकली नाही आणि फिरोजशहा पालिकेत परतले.

या प्रसंगातून त्यांना एक गोष्ट उमगली. इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईत लोकांच्या बाजूचे मोठे दैनिक नव्हते. सरकारपर्यंत जाणारा आवाज दुसऱ्याच्या हातात होता. वर्तमानपत्राच्या स्वातंत्र्याविषयी त्यांना पूर्वीपासून कळकळ होती. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला होता. तो कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. मराठी, गुजराती, उर्दू, बंगाली पत्रांना होता. चार वर्षांनी तो रद्द झाला.

आता वयाची साठी उलटल्यावर त्यांनी स्वतःच पत्र काढायचे ठरवले. भांडवल उभे केले, कंपनी काढली, कलकत्त्याहून बेंजामिन हॉर्निमन या इंग्रज पत्रकाराला संपादक म्हणून आणले. १९१३ साली बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू झाले. इंग्रज सरकारवर टीका करण्यासाठी इंग्रज संपादक! फिरोजशहांना माणसाची जात किंवा कातडीचा रंग पाहून काम देण्याची सवय नव्हती. त्याआधी १९११ साली सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली होती. हिंदी लोकांच्या पैशावर, हिंदी लोकांनी चालवलेली ही बँक सोराबजी पोचखानवाला यांनी काढली आणि तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा होते.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून कायमचे परतले. मुंबईत त्यांचा सत्कार झाला, त्याचे अध्यक्ष फिरोजशहा होते. तोवर त्यांची प्रकृती खालावली होती. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन मुंबईला भरणार होते, पण ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. फोर्टमधल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. मलबार हिलवर म्हातारीच्या बुटासमोर जी बाग आहे आणि जिला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात, तिचे खरे नाव फिरोजशहा मेहता उद्यान असे आहे.

त्यांचे पत्र मात्र त्यांच्यामागे चालू राहिले. १९१९ साली पंजाबात जालियनवाला बागेचे हत्याकांड झाले. क्रॉनिकल गप्प बसले नाही, तेव्हा सरकारने हॉर्निमन यांना आजारी असतानाच बोटीत बसवून इंग्लंडला धाडले. १९२० मध्ये मार्माड्यूक पिकथॉल हे मुसलमान झालेले इंग्रज लेखक संपादक झाले. कुराणाचे इंग्रजीत भाषांतर करणारे ते हेच. त्यांच्यानंतर १९२४ पासून सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी ही जबाबदारी घेतली. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते तुरुंगातही गेले आणि १९४९ साली मृत्यू येईपर्यंत संपादक राहिले. त्यांच्या हाताखाली ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारखे तरुण लेखक पत्रकारिता शिकले. बॉम्बे क्रॉनिकल १९५९ साली बंद पडले.